येण्याजोगी हवा

१२ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. आपल्या दोघींमध्ये पत्र म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालेलं असायचं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

फोन करत नाही याची दोन कारणं. हॉटेलच्या लाँड्रीतल्या यंत्रांमुळे तुम्हाला आता कमी ऐकू येतं आणि तुम्ही 'काय? काय?' म्हणत राहता, हे एक. दुसरं खरं कारण असं, की हे पलंगावरून सगळं ऐकतात. झटक्याने ह्यांचं बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, पण कान शाबूत आहेत. उलट आता जरा जास्तच तिखट झालेत. स्वयंपाकघरात चमचा पडला तर कोणता पडला तेसुद्धा कळतं. आणि मला जे विचारायचंय ते ह्यांच्या कानावर जायला नको आहे.

मला समुद्रावर यायचंय. तुमच्याकडे. पंधरा दिवस, एकटीला.

लिहिलं बाई एकदाचं.

इथे एक शुश्रूषाकेंद्र आहे. आमच्यासारख्या, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना जरा उसंत मिळावी म्हणून त्यांनी दोन खाटा राखून ठेवल्यात. एका घराला वर्षातून एकच पंधरवडा, आणि तोही आधी ठरवावा लागतो. आठ वर्षं मी त्या वाटेला गेले नाही. मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात तिथल्या मेट्रनबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा चेहरा आरशात बघता की नाही?" मी म्हटलं, "आरसा पुसायला वेळ कुठाय?" त्या हसल्या नाहीत.

दादा तिकडे नोकरीला लागला तेव्हा माझा मुलगा लहान, मग सासूबाईंचं आजारपण, मग हे. तुमचं घर बघायचं राहूनच गेलं. दादा सांगायचा, व्हरांड्यात बसलं की समुद्र पायाखालून जातो. मला तिथे खुर्ची टाकून बसायचंय. कोणाला भरवायचं नाही, कोणाला कुशीवर वळवायचं नाही, नुसतं बसायचं.

एकच पंधरवडा मिळणार आहे, तो वाया जायला नको. तेव्हा सांगा, तुमच्याकडे हवा कधी चांगली असते?

तुमची,
पेंगू

ता. क. हे नाव तुम्हीच ठेवलेलं. सकाळी पांघरूण ओढल्याशिवाय उठायची नाही म्हणून. आता शोभत नाही. सलग झोप कशाशी खातात ते मी विसरले.


२९ जानेवारी

पेंगू,

पत्र मिळालं. प्रश्न सरळ विचारलास, उत्तर सरळ देते.

मार्च ते मे येऊ नकोस. उकाडा असतो. सकाळी आठलाच रस्ता तापतो, कपडा अंगाला चिकटतो आणि माणूस माणसावर खेकसतो. जून ते सप्टेंबर तर अजिबात येऊ नकोस. पाऊस, वारा आणि खारट चिखल. भिंतींना बुरशी येते, बरणीतलं मीठ पाझरतं, काडी पेटत नाही. समुद्र चहासारखा गढूळ होतो आणि किनाऱ्यावर दोर बांधून ठेवतात, कोणाला जवळ जाऊ देत नाहीत. ऑक्टोबरात पाऊस थांबतो तर घाम सुरू होतो.

नोव्हेंबर संपता संपता ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, हे येण्याजोगे दिवस. आकाश स्वच्छ, पाणी निळं, सकाळी खांद्यावर पातळ शाल लागते. सगळी दुनिया तेव्हाच येते ती उगीच नाही. भूगोल घेऊन बी.ए. झाले त्याचा आता एवढाच उपयोग उरलाय. पाहुणे विचारतात आणि मी सांगते.

तू खाट मिळवेपर्यंत इथे उन्हाळा लागेल. तेव्हा पुढच्या डिसेंबरचं बघ. घाई करू नकोस.

सध्या हंगाम आहे. हॉटेल भरलेलं आहे आणि चादरींचे ढीग छताला लागलेत. चादर पुरती सुकली की नाही हे बोटांना कळत नाही, वाफेने ती बधिर झालेली असतात. म्हणून आम्ही चादर गालाला लावून बघतो. ओल असली तर गालाला लगेच गार लागतं. संध्याकाळपर्यंत माझा एक गाल लाल होतो. नव्या मुली तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. त्यांचेही होतील.

तुझ्या यजमानांना जप. स्वतःलाही जप, असं लिहिलं असतं, पण ते तू करणार नाहीस.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तुमचं 'पुढच्या डिसेंबरचं बघ' मी तीनदा वाचलं. शाळेत असताना नवीन चपला मागितल्या की तुम्ही 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायच्यात. त्याच आवाजात ऐकू आलं.

तरीही मेट्रनबाईंकडे जाऊन आले. डिसेंबर-जानेवारीच्या खाटांसाठी ही भली मोठी रांग आहे. मी म्हटलं, "का हो, सगळ्या बायका डिसेंबरातच दमतात की काय?" त्या म्हणाल्या, "दमतात बारा महिने, जातात डिसेंबरात." माझंही नाव घातलंय शेवटी.

आता मनातलं विचारते. रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या. मी तुम्हाला यायला नको आहे का?

दादा गेला तेव्हा मी आले नाही. ह्यांना झटका येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता, मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते, हे तुम्हाला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि पोटात घालणं वेगळं. तुम्ही सगळं एकटीने केलंत. सख्खी नणंद दारात उभी राहिली नाही. तुमच्या जागी मी असते तर मलाही ते आयुष्यभर खुपलं असतं.

तसं असेल तर सरळ सांगा. बुरशीचं आणि मिठाच्या बरणीचं नाव पुढे करू नका.

पेंगू


११ मार्च

पेंगू,

रागावले होते. चांगली वर्षभर रागावले होते. पुढे राग धरायला सवड मिळेना. तो विषय संपला. पुन्हा काढलास तर नव्याने रागावेन.

हवेचं जे लिहिलं ते हवेचंच होतं. तू एकदाच येणार, तर चांगल्या दिवसांत यावंस, इतकाच हेतू.

व्हरांडा होता तसाच आहे. संध्याकाळी मी तिथेच बसते. भरतीचा आवाज येतो. तुझ्या दादाची वेताची खुर्ची आहे, तिचं एक हँडल सुटलंय, ते मी सुतळीने बांधलंय. परवा एक होडी अगदी कठड्याला लागून गेली. वल्हवणाऱ्याने मला हात केला, मीही केला. मला मागेपुढे कोणी नाही, पण हात करायला माणसं मिळतात.

तेव्हा मनात काही आणू नकोस. डिसेंबरात बघू.

वहिनी


७ मे

वहिनी,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसले की डोळा लागायचा आणि कागदावर रेघ ओढलेली दिसायची.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नाहीये, तुम्हाला सांगते. मागच्या मंगळवारी ह्यांना भरवता भरवता मला झोप लागली. चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला आणि मी थांबले ती थांबलेच. डोळे उघडे होते की मिटलेले, देव जाणे. जागी झाले तेव्हा वाटी ह्यांच्या छातीवर उपडी झाली होती. सूप कढत होतं. हे ओरडू शकत नाहीत, वहिनी. डाव्या हाताने माझं मनगट धरून हलवत होते. किती वेळ हलवत होते कोण जाणे, माझ्या मनगटावर वळ उठला होता.

तळहाताएवढी जागा भाजली. डॉक्टरांना मी 'सांडलं' एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही विश्रांती घेतली नाहीत तर पुढच्या वेळी या घरात दोन खाटा लागतील." मुलगा येऊन दोन दिवस राहिला. "आई, तू आधी स्वतःकडे बघ," म्हणाला आणि परत गेला. सगळे मला माझ्याकडेच बघायला लावतात. ह्यांच्याकडे कोण बघणार, ते कोणी बोलत नाही.

पण डिसेंबरची खाट मिळाली! दहा तारखेपासून. एका घराने नाव मागे घेतलं. मी विचारलं, "का हो?" मेट्रनबाई म्हणाल्या, "आता त्यांना गरज नाही."

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. डिसेंबर अजून लांब आहे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचं ते पान मी रोज एकदा उलटून बघते.

दादाची खुर्ची पुसून ठेवा.

पेंगू


२ जून

पेंगू,

डिसेंबर नको.

मी आधी नीट विचार केला नव्हता. डिसेंबरात हॉटेल तुडुंब असतं. मी पहाटे जाते ती अंधार पडल्यावर परत येते, आणि आल्यावर बोलायचंही त्राण नसतं. तू एवढ्या लांबून येणार आणि घरात चिटपाखरू नसणार. शिवाय गर्दी इतकी, की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. गाण्यांचा गोंगाट, पोरांची रडारड. तुला हवी ती विश्रांती इथे मिळणार नाही. त्यापेक्षा तुमच्याच भागात एखादं शांत ठिकाण बघ. तिकडे डोंगर आहेत की. मेट्रनबाईंना विचार, त्यांना माहीत असेल.

मी तुला टाळत नाही. एवढं मनात धर.

भाजलेली जागा कोरडी ठेव. सुती कापड घाल, घट्ट बांधू नकोस. आणि त्या दिवसाचा घोर लावून घेऊ नकोस. त्यांनी तुझा हात धरला तो तुला जागं करायला, दोष द्यायला नाही. इतकं मी त्यांना ओळखते.

वहिनी


२३ जून

वहिनी,

नमस्कार. जानेवारीत तुम्ही लिहिलंत, डिसेंबरात ये. जूनमध्ये लिहिलंत, डिसेंबर नको. मी भूगोलात कच्ची होते, पण इतकी नव्हते. वर्षाचे बारा महिने तुम्ही एकेक करून खोडलेत. तेरावा शिल्लक असेल तर कळवा.

मी गप्प बसले असते. पण परवा मुलगा आला होता. त्याला म्हटलं, "मामीचं घर फोनवर दिसतं का रे? वरून काढलेले फोटो असतात ना?" म्हटलं, जायला नाही मिळालं तर निदान बघून घेऊ. त्याने पत्ता घातला. बोटाने मोठं केलं, आणखी मोठं केलं. मग म्हणाला, "आई, पत्ता चुकलाय बहुतेक. इथे पाणी आहे."

मी चष्मा लावून बघितलं. तुमची गल्ली आहे. तुम्ही सांगायच्यात ते कोपऱ्यावरचं घड्याळजीचं दुकानही आहे. त्यापुढे मोठमोठ्या दगडांचा बांध, आणि बांधापुढे निळं. त्याचं बोट होतं तिथे निळं.

तो म्हणाला, "फोटो जुना असेल." मी म्हटलं, "जुन्या फोटोत घर असतं रे, पाणी नसतं."

होडी कठड्याला लागून गेली म्हणालात. कोणत्या कठड्याला, वहिनी? आणि माझी पत्रं बरी पोचतात. पोस्टमन पाण्यात उतरून देतो का?

मी रागावलेली नाही. रागावायला जी ताकद लागते ती सध्या घरात नाही.

तुमच्या पत्रातली एकच गोष्ट मला खरी वाटली. डिसेंबरात तुम्ही घरी नसता. म्हणून मी डिसेंबरची खाट सोडली. ती ज्या बाईंना मिळाली त्या केंद्राच्या दारातच रडायला लागल्या. ऑगस्टची खाट रिकामी होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "ऑगस्टात समुद्रावर कोण जातं?" मी म्हटलं, "मी."

तीन ऑगस्टला निघते. कुठे यायचं तेवढं कळवा.

पेंगू


९ जुलै

पेंगू,

पोस्टमन पाण्यात उतरत नाही. तो मला ओळखतो. पत्रं लाँड्रीत आणून देतो.

घर गेलं. या पावसाआधीचे दोन पाऊस झाले त्याला. आधी कठडा गेला, मग व्हरांडा, मग पुढच्या खोलीची भिंत. एका लाटेत गेलं असतं तर बरं, पण ते रोज थोडं थोडं गेलं. सकाळी उठून बघायचं, आज काय उरलंय. मग दारावर लाल फुली मारली गेली. पुढच्या वर्षी बांध घातला तेव्हा घराची जागा बांधाच्या पलीकडे राहिली. गल्लीतली आमची तीन घरं तिकडे गेली. घड्याळजी थोडक्यात वाचला.

तुला कळवलं नाही. काय कळवणार? तुझ्याकडे पलंगावर माणूस, त्यात माझं रडगाणं कशाला. शिवाय तू कधी येशील असं वाटलं नव्हतं. जो येणार नाही त्याच्यासाठी घर होतं तसं ठेवायला काही लागत नाही. तू येते म्हणालीस तेव्हा अडचण झाली.

डिसेंबर सांगितला कारण तो लांब होता. खाट मिळणार नाही असं धरून चालले होते. मिळाली. होडी मी रचली. असं काही रचायची मला सवय नाही, त्यामुळे जरा जास्तच झालं.

आता जे आहे ते सांगते. मी लाँड्रीच्या वर एका खोलीत राहते. समुद्र दिसत नाही. खिडकी बॉयलरच्या धुराड्याकडे उघडते. खाली यंत्रं चालतात, त्यांचा आवाज दिवसभर असतो. जमीन कोमट असते, त्यामुळे पावसाळ्यात सगळ्या इमारतीत तेवढी एक खोली कोरडी राहते. न्हाणीघर जिन्याखाली. दोघींना अंग चोरून राहावं लागेल. बांध चालत जाण्याइतका जवळ आहे, पण ऑगस्टात तिथेही दोर असतो. पाहुणे नसतात, म्हणून मला दुपारची सुटी असते. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. तू ज्यासाठी येणार होतीस त्यातलं काहीच नाही.

खुर्चीचं मात्र खरं आहे. ती मी डोक्यावर घेऊन आले. हँडल तेव्हाच सुटलं.

हे सगळं वाचूनही यायचं असेल तर ये. स्टेशनच्या मागच्या बाजूने बाहेर पड आणि कोणालाही मोठ्या हॉटेलची लाँड्री विचार. कपडे कमी आण. काही वाळत नाही.

वहिनी


२९ जुलै

वहिनी,

ह्यांना सांगितलं. सकाळी दाढी करताना सांगितलं, कारण तेव्हा ह्यांना तोंड फिरवता येत नाही.

म्हटलं, "पंधरा दिवस तुम्हाला शुश्रूषाकेंद्रात ठेवून मी वहिनींकडे जातेय. मला झोपायचंय." हे छताकडे बघत राहिले. दुपारी घास दातांनी अडवला. रात्रीही तेच. काल थोडं पाणी प्यायले, तेही दुसरीकडे बघून. छातीवरचा डाग अजून दिसतो. तो बघितला की वाटतं, जाऊ नये. आणि तोच बघितला की वाटतं, गेलंच पाहिजे.

खाट सोडून द्यावी असं दिवसातून चारदा मनात येतं. बॅग भरून दाराशी ठेवलीय. कपडे कमीच घेतलेत.

येतेय. बहुतेक.

पेंगू


२६ ऑगस्ट

वहिनी,

सुखरूप पोचले. लिहायला आठवडा लागला, कारण आल्या आल्या पुन्हा तेच रहाटगाडगं. पण या वेळी कागदावर रेघ ओढली गेलेली नाही, बघा.

मला लाज वाटतेय. इतका प्रवास करून तुमच्याकडे आले आणि केलं काय, तर झोपले! पहिले काही दिवस तर मला आठवतच नाहीत. तुम्ही दिलेला चहा प्यायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं. खाली यंत्रं घरघरत होती, पाठीखाली जमीन कोमट, बाहेर पावसाचा मारा. एकदा झोपेतच कळलं, तुम्ही माझ्या गालाला चादरीचं टोक लावून बघताय. मला वाटलं, पेंगू सुकली की नाही ते बघताय. "अजून ओली आहे," असं मी म्हटलं म्हणे. तुम्ही नंतर सांगितलंत तेव्हा मला इतकं हसू आलं, की ठसका लागला.

आणि एका दुपारी मी जागी झाले तर तुम्ही दादाच्या खुर्चीत, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होतात. तुम्हाला मी जन्मात झोपलेलं बघितलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, वहिनींना झोप नसतेच, त्या फक्त दुसऱ्यांना उठवतात. मी उठले नाही, पडून तुमच्याकडे बघत राहिले. पांघरूण ओढावंसं वाटलं एकदा. सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी आपण बांधावर गेलो, तेवढाच मी बघितलेला समुद्र. चहासारखाच होता, तुम्ही लिहिलंत त्यात अक्षराचा फरक नाही. दोराच्या अलीकडे उभं राहून तुम्ही बोट दाखवलंत, "तिथे." मी बघत राहिले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चल, भिजशील. वाळत नाही काही." दादाला आपण त्याच वाक्यात निरोप दिला असं मला गाडीत बसल्यावर वाटलं.

आता ह्यांचं. मी धास्तावतच केंद्रात गेले. म्हटलं, रोडावले असतील, माझ्याकडे बघणार नाहीत. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमचे यजमान? पहिल्या दिवशी दोन वेळा मागून जेवले." शेजारच्या खाटेवर एक म्हातारे इंजिनचालक होते. दिवसभर आगगाड्यांच्या गोष्टी सांगायचे आणि मधेच थांबायचे. थांबले की हे डावा हात वर करून शिट्टीची दोरी ओढायचे, मग ते पुढे सांगायचे. मी दारात उभी राहिले तेव्हा दोरी ओढणं चाललं होतं. मला बघून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

मला फार लागलं. घरी येईपर्यंत लागलेलंच होतं. मग ह्यांची उशी सरळ करताना विचार आला, आठ वर्षं रोज तोच चेहरा, तोच चमचा, 'घ्या, घ्या, आणखी एक घास'. मी ह्यांच्यामुळे दमले, तसे हेही माझ्यामुळे दमले असणार. मला निदान पत्र लिहिता येतं.

संध्याकाळी घास दिला तर मुकाट खाल्ला. नंतर डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. मी विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा जायचं? तुम्ही तिकडे, मी वहिनींकडे?" दोनदा डोळे मिटले. आमच्याकडे ते 'हो' असतं.

मेट्रनबाई पुढच्या सालाच्या खाटा वर्षअखेरीला ठरवतात. या वेळी माझं नाव पहिलं घेतील, हवा तो महिना मिळेल, अगदी डिसेंबरसुद्धा. तेव्हा पुन्हा विचारते, कारण आता उत्तर खरं मिळेल. हवा कधी चांगली?

पेंगू


११ डिसेंबर

पेंगू,

उत्तराला उशीर झाला. कारण तुला माहीत आहे.

आज इथे अशी हवा आहे, की पाहुणे जिना उतरतानाच एकमेकांना सांगतात. आकाश स्वच्छ आहे, वारा बेताचा, गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता कोरडी होते. पाणी निळं आहे म्हणतात. मी अजून गेलेली नाही. हे पत्र दोन ढिगांच्या मधे बसून लिहितेय आणि एक गाल जळतोय.

तुझी उशीची खोळ इथे राहिली. ऑगस्टात धुतली नाही, वाळली नसती. आता वाळेल, पण आता यंत्रात जागा नाही. तेव्हा ती तशीच आहे.

तुला एक सांगायचं राहिलं. तू गेलीस त्या दुपारी मी तुझं अंथरूण गुंडाळायला घेतलं आणि त्यावर बसले. उठले ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. कामावर उशिरा गेले, पहिल्यांदाच. मुलींनी बघितलं फक्त, की आज बाईंचे दोन्ही गाल सारखे आहेत.

त्यांना माझा नमस्कार सांग. ते इंजिनवाले पुढच्या वर्षी कधी येणार आहेत ते मेट्रनबाईंकडून काढून घे आणि जमलं तर तेच दिवस माग. ऑगस्टातलेच असू देत. डिसेंबरात समुद्र चांगला असतो, पण मी नसते.

वहिनी